वटवाघळाचे पंख

मंगळवार, ६ जून

पंख पुन्हा तडकला. या वेळी एकोणिसाव्या फोटोला.

नानिसीनं चिमटा घेतला. चिमट्यानं दोन्ही तुकडे उचलले आणि मोडक्या पंखांच्या डब्यात टाकले. डब्यात आता सव्वीस पंख आहेत. सगळे मी केलेले.

नवं कापड ताठ असतं, त्याला काय करणार. झाडाची साल कुटून, कसावाच्या खळीनं चिकटवून, रंग घासून वाळवलं की पुठ्ठ्यासारखं होतं. पसरायला, भेट द्यायला उत्तम. पण नानिसीच्या पिल्लाला उडायचं आहे. तीन मिनिटांच्या फिल्मला दोन हजारांच्या वर फोटो लागतात, आणि दर फोटोला पंख केसभर दुमडायचा. नवं कापड घडीवर फुटतं.

ती म्हणाली, काकू, कागदाचे करू का पंख? वरून कापडासारखे रंगवू.

मी नको म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. सगळं खऱ्या सालीच्या कापडाचं करायचं, काळा, तपकिरी आणि सालीचा स्वतःचा रंग, बास — हे ठरलं तेव्हा ती किती खूश होती! ऑकलंडला शिकून आमच्या बेटावर परत आलेली मुलगी, पण माझ्यासारख्या सहावी शिकलेल्या बाईला रोज विचारते, इथं काय शोभेल. तुम्हाला कापड कळतं, मला हालचाल कळते, म्हणते. मला ते ऐकायला आवडतं. साठीच्या विधवेला शोभणार नाही इतकं आवडतं.

बुधवार, ७ जून

डोळ्यांवरून भांडलो. तिला पिल्लाचे डोळे बशीएवढे हवेत. लहान मुलांना डोळे आवडतात म्हणे. मी म्हटलं, वटवाघूळ कानांनी जगतं, कान मोठे कर. डोळ्यांना मिरीएवढे दोन ठिपके पुरे. ती म्हणाली, ठिपक्यांनी रडणार कसं? मी कान खाली पाडून दाखवले. कात्रीनं दोन कापले, टेबलावर ठेवले, बोटानं खाली सरकवले. पिल्लू रडवेलं झालं.

नानिसी हसली. ‘काकू, माझी फी परत मागते मी कॉलेजकडे.’

गोष्ट तिची आहे. एका पिल्लाला उलटं लटकता येत नाही. ते सरळ बसतं, म्हणून त्याला आपलं सगळं कुळ उलटं दिसतं आणि ते सगळ्यांची कीव करतं. शेवटी उडताना त्याला कळतं. माझ्या नवऱ्याला, फेलेतीला, आवडली असती. त्याच्या वर्गातल्या मुलांना त्यानं ती दहा वेळा सांगितली असती, दर वेळी वेगळी.

शनिवार, १० जून

नानिसीनं आज सांगितलं. तिला जुनं कापड हवं आहे. वर्षानुवर्षं गादीखाली झोपलेलं. माणसाच्या वजनानं आणि उबेनं कापड मऊ होतं, चामड्यासारखं वळतं. एका हाताएवढा तुकडा मिळाला तरी पंख होतील. शाळांसाठी फिल्म घेणारे लोक चौदा जुलैला बघायला येणार आहेत. आवडलं तर अशा बारा फिल्म, नाही तर दुकान बंद, ती परत ऑकलंडला.

‘तुमच्याकडे असेल ना काकू? जुन्या घरात सगळ्यांच्या गादीखाली असतं.’

बघते म्हटलं.

काय बघायचं! मी रोज त्यावरच झोपते.

रविवार, ११ जून

चर्च. अळूची पानं, नारळाचं दूध, खारं मांस. आज काम करायचं नसतं. विचार करायला बंदी नाही, हीच पंचाईत.

सोमवार, १२ जून

लिहूनच टाकते, म्हणजे मलाच नीट दिसेल.

गादीखालचं कापड मी केलेलं आहे. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी. साल मी कुटली, नक्षीचे साचे नारळाच्या हिरांनी मी शिवले, रंगाला गावच्या बायका बसल्या होत्या. दहा घरांचं, म्हणजे दहा पट्ट्यांचं कापड, काठाला एक ते दहा आकडे. तीस वर्षं ते आमचं होतं. दोन वर्षांपूर्वी फेलेती गेला तेव्हा मी ते त्याच्या अंगावर घातलं. ते त्याच्याबरोबर मातीत जावं असं मला वाटत होतं.

एमेलिने वन्संनी ते घेतलं. थोरल्या बहिणीचा हक्कच असतो. भावाच्या मयताला आलेल्या चटया, कापडं, सगळ्यांवर पहिला हात तिचा. कोणी वावगं म्हणत नाही, मीही म्हटलं नाही. भावजयीनं स्वयंपाकघरात भांडी घासायची असतात. मी घासली.

मग गेल्या वर्षीच्या वादळात वन्संचं छप्पर गेलं. त्या तेच कापड गुंडाळी करून माझ्याकडे घेऊन आल्या. ‘तुझं घर कोरडं आहे. गादीखाली ठेव.’ तेव्हापासून मी माझ्याच हातच्या कापडावर झोपते आणि ते माझं नाही.

विचारलं तर? भावजयीनं नणंदेकडे मागायचं नसतं. त्यांनी आमच्याकडचं काहीही उचलावं, आपण त्यांच्याकडचं काही मागू नये. मागणं म्हणजे त्यांना नाही म्हणायची वेळ आणणं. त्यापेक्षा मेलेलं बरं, असंच आम्ही शिकलो.

मंगळवार, १३ जून

कापलं.

आतल्या टोकाचं एक घर कापलं. आकडे बाहेरून सुरू होतात. बाहेरून बघणाऱ्याला एक, दोन, तीन दिसतात आणि गुंडाळी तेवढीच जाड वाटते. हे मी कापायच्या आधी विचार करून ठरवलं.  सरळ कापलं.

बुधवार, १४ जून

पंख वळतो! साठ फोटो झाले, चीर नाही. नानिसीनं फोटो जोडून भराभर चालवून दाखवले. पिल्लानं एक पंख उघडला, झटकला, मिटला. दोघी खुर्चीतून उठलो.

तिनं विचारलं, कुणाचं कापड? मी म्हटलं, मी केलंय. हे खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त वाईट.

सोमवार, १९ जून

आणखी दोन घरं कापली. एक आईच्या पंखांना, एक रात्रीच्या आभाळाला. आता सात उरली. पहिल्यांदा कापताना आदल्या रात्री झोप नव्हती. आज मध्ये चहा घेतला.

आतून कापत सात आकड्याच्या घरापर्यंत आले आणि डाग दिसला. फेलेतीच्या छातीला सुगंधी तेल लावलं होतं त्याचा. तळहाताएवढा, मधासारखा. आठव्या घरात जास्त आला होता, ते घर तर मी नानिसीला देऊन बसले होते. ती डाग बघून नाचली. म्हणाली, काकू, हा चंद्रप्रकाश! आईच्या पंखावर बरोबर मध्ये घेते.

नको म्हणायला तोंड उघडलं. मग सांगावं लागलं असतं, का नको. मिटलं.

शुक्रवार, २३ जून

एमेलिने वन्सं आल्या. काठी टेकत, पावाची लादी घेऊन. सत्तरी झाली, पण पाठ अजून सरळ. नेहमीप्रमाणे पहिला अर्धा तास माझ्या घराला नावं ठेवली. पडदा मळलाय. चहात साखर कमी. ‘त्या पोरीबरोबर कागद कापत बसतेस म्हणे. शेतात रताळी कोण काढणार, तुझं वटवाघूळ?’

मग पलंगाकडे बघितलं. गादीवर हात ठेवला.

‘कोरडं आहे ना गं?’

कोरडं आहे म्हटलं.

‘नीट ठेव. मी गेले की मला त्यातच न्यायचं आहे.’ मग माझ्याकडे न बघता बोलल्या. ‘मी दहा वर्षांची झाले तेव्हापासून फेलेती आणि मी एका चटईवर बसलो नाही. एका खोलीत झोपलो नाही. रीत असते. तो खोलीत आला की मी उठायची, मी आले की तो. साठ वर्षं. जाताना तरी एकाच कापडात जाऊ दे.’

मी चहा ओतत होते. कप भरून बशीत गेला.

‘लक्ष कुठे आहे तुझं? म्हातारी झालीस,’ म्हणाल्या.

मला वाटलं होतं, त्यांनी हक्क म्हणून घेतलं. गावाला दाखवायला घेतलं. दोन वर्षं मी हेच मानून राग सांभाळला. सांभाळला नाही — पोसला. आणि त्या रागावर कात्री चालवली.

शनिवार, २४ जून

नानिसीला सगळं सांगितलं. ती आमच्यातलीच, तिला समजावून सांगावं लागलं नाही.  तुकडे परत घ्या म्हणाली, मी कागदाचे पंख करते, सगळे फोटो पुन्हा काढते. मी टेबलावरचे तुकडे बघितले. पंखांना भोकं पाडली आहेत, सांध्यांना दोरा घातलाय, आभाळाच्या चिंध्या झाल्यात. ते जोडून परत कापड होत नाही. आणि तीन आठवड्यांत नवी फिल्मही होत नाही.

मी तिला पुढे कर म्हटलं. वन्संना मी सांगेन.

ती म्हणाली, फिल्मच्या आधी सांगा, काकू.

हो म्हटलं.

गुरुवार, २९ जून

वन्संच्या फाटकापर्यंत गेले. त्या अंगणात मुलीशी फोनवर बोलत होत्या. मुलगी लूपे ऑकलंडला परिचारिका आहे. परत आले.

मंगळवार, ४ जुलै

गेले. त्यांनी रताळी दिली. घेऊन आले.

रविवार, ९ जुलै

आज प्रार्थनेनंतर सांगणार होते. वाईओला मध्येच येऊन उभी राहिली. पाद्रीबाबांच्या भावाची बायको, तिच्यासमोर शिंकलं तरी दुपारपर्यंत गावाला सर्दी झाल्याचं कळतं. नाही सांगितलं.

कारणं मला छान सापडतात. वाचनाचा हा एक उपयोग. फेलेतीच्या शाळेतून बाद झालेली पुस्तकं मी घरी आणून वाचली, शब्दकोश बाजूला घेऊन. शब्द खूप जमले. चार शब्दांचं वाक्य तेवढं बोलता येत नाही.

शुक्रवार, १४ जुलै

झालं.

चर्चच्या सभागृहात पांढरी चादर लावली होती. शाळांचे तीन साहेब, सगळ्या बायका, जमिनीवर पोरं. मोठे मुलगे खिडक्यांबाहेर उभे, कारण आत बहिणी होत्या. वन्सं पुढच्या खुर्चीत. मी त्यांच्या मागे खाली चटईवर.

पोरं हसली. पिल्लू सरळ बसून उलट्या आजीची कीव करतं तिथे तर खिडकीबाहेरचेही हसले. कान पाडले तेव्हा एक लहान मुलगी मोठ्यानं म्हणाली, रडू नको रे. नानिसीनं माझा हात दाबला. एवढं सुंदर काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं, आणि मला वीज जावी असं वाटत होतं.

मग आईनं पंख उघडले. पूर्ण भिंतभर. मधोमध तो डाग. पंख हलला की डाग छातीसारखा वरखाली होत होता.

वन्संची पाठ बघत होते मी. ती हलली नाही. काठीवरची बोटं तेवढी आवळली.

दिवे लागले. टाळ्या. साहेब लोक नानिसीभोवती. आणि वाईओला, सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशी: ‘गं बाई, ती नक्षी फेलेतीच्या कापडाची ना? ते तर एमेलिनेताई, तुमच्याकडे गेलं होतं. आणि लोसानं कापलं?’

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी तोंड उघडलं. शपथ, उघडलं होतं.

वन्सं खुर्चीतून उठल्या. ‘माझं कापड आहे. मीच लोसाला म्हटलं, काप. पोरांना आजवर काय दाखवलं आपण? परदेशातली बदकं आणि उंदीर.’

वाईओला म्हणाली, पण ते तर तुम्ही तुमच्या जायच्या वेळेला ठेवलं होतं.

‘मग? मी अजून गेले नाही. तुला घाई आहे का?’

बायका हसल्या. विषय संपला. वन्सं माझ्यासमोरून गेल्या, थांबल्या नाहीत, माझ्याकडे बघितलं नाही.

साहेबांनी बारा फिल्म कबूल केल्या. नानिसी रडत होती. मी घरी येऊन गादी ओढून खाली टाकली. उरलेल्या कापडावर झोपायची हिंमत नाही.

सोमवार, १७ जुलै

उजाडायच्या आत इफीच्या झाडाची पानं तोडली, त्यांचा हार गळ्यात घातला. फाटकी चटई कमरेला गुंडाळली. आमच्याकडे मोठा गुन्हा झाला की असंच जायचं असतं. दारात खाली बसायचं, मान वर करायची नाही. समोरच्यानं हार काढला की क्षमा झाली. नाही काढला तर बसून राहायचं.

उरलेली सात घरं मांडीवर घेऊन पायरीवर बसले. कोंबड्या येऊन हुंगून गेल्या. सूर्य वर आला.

दार उघडलं. त्यांचे पाय दिसले. बराच वेळ नुसते पाय.

मी बोलले. मी कापलं. न विचारता. आतून कापलं, कळू नये म्हणून.

‘कोण म्हणतं?’ वन्सं म्हणाल्या. ‘मी सगळ्या गावासमोर सांगितलं, मी कापायला लावलं. आता तू इथे पानं घालून बसलीस. रस्त्यावरून लोक बघतात. मला खोटं पाडायला आलीस का?’

मी नाही म्हटलं.

‘मग ऊठ. कापड घेऊन जा, माझं छप्पर अजून गळतं.’

हार काढला नाही. काढला असता तर गुन्हा झाला असं ठरलं असतं, आणि त्यांचा शब्द खोटा. हे मला उठताना कळलं. माझी अब्रू झाकायला त्यांनी जे पांघरलं, त्याखाली माझी क्षमाच गुदमरली. आता ती मागायचीही सोय नाही.

हार घालूनच घरी आले. वाटेत वाईओलाच्या फाटकापाशी शाल वर ओढली. इतकं होऊनही ओढली!

गुरुवार, २० जुलै

हार खिळ्याला टांगला होता, वाळला. स्वतःच्या हातानं काढण्याला काही अर्थ नसतो. तरी काढून चुलीत टाकला.

मंगळवार, २५ जुलै

नानिसी आली होती. दुसरी फिल्म खेकड्याची. नांग्यांना काय शोभेल, विचारत होती. मी जमणार नाही म्हटलं. ती पायरीवर बसून राहिली. म्हणाली, फिल्मच्या शेवटी नावांत तुमचं नाव आहे, ते काढू का? काढ म्हटलं. मग म्हटलं, नको, राहू दे. लोकांना कळू दे, कापणारी कोण.

जाताना म्हणाली, ‘काकू, एमेलिनेआजी माझ्याकडे दोनदा आल्या होत्या. दोन्ही वेळा फिल्म लावायला सांगितली. फक्त पंखांचा भाग. चित्र पडतं त्या भिंतीला अगदी खुर्ची लावून बसल्या.’

जेवले नाही.

रविवार, ३० जुलै

चर्चमध्ये त्या पुढे, मी मागे. गाणं चांगलं झालं.

बुधवार, २ ऑगस्ट

नवी साल कुटायला घेतली. त्यांच्यासाठी. दहा घरं करायची. एकटीनं वर्ष लागेल, आणि ते ताठच असणार, त्याला फेलेतीचा स्पर्श नसणार. हे मला माहीत आहे. कुटते.

शेजारची विचारत होती, कुणाच्या लग्नाचं गं?

शनिवार, ५ ऑगस्ट

सकाळी दार उघडलं तर पायरीवर एमेलिने वन्सं. खाली बसलेल्या. मान खाली. गळ्यात इफीची ओली पानं.

नणंद भावजयीच्या दारात अशी बसत नाही. कधीच नाही. मी कुणाकडून ऐकलेलंही नाही.

त्या म्हणाल्या, ‘त्या दिवशी फेलेतीच्या अंगावरून कापड काढताना तू दुसरं टोक धरून ठेवलं होतंस. मी हिसकावलं.’

हे मी या वहीतही लिहिलं नव्हतं. मला वाटलं होतं, कुणाला कळलं नाही.

त्या खाली आणि मी उभी कशी राहणार? मीही खाली बसले. समोरासमोर, दोघी माना खाली घालून. पानं कोणी काढायची, हे दोघींनाही कळेना.